दोन फुटांवरची इश्बेल

किल्रेनेट या समुद्रकाठच्या गावी बेकरीत सकाळी साडेआठला गरम बेकन-रोलसाठी रांग लागते, आणि गेलं वर्षभर त्या रांगेत इश्बेल गुर्लेची रोज न चुकता धुलाई होत होती. बेकरीवाला टॅम किनीअर सुटे पैसे तिच्या हातात कधी देतच नसे. काउंटरच्या पार त्या टोकाला ठेवायचा आणि म्हणायचा, "बघ हं इश्बेल, दोनच फुटांवर आहेत. जमेल ना?" की रांग खिदळलीच.

"तुझ्या रोलमधलं बेकन शोधायला दुर्बीण लागते, ते आधी बघ," असं इश्बेल ठणकावून सांगे, आणि बाहेर येऊन समुद्राच्या वाऱ्यात उभी राहून त्याच रोलचे लचके तोडी. उत्तर चोख दिलं तरी जे लागायचं ते लागायचंच. चौसष्ट वर्षांची बाई! तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून सूप वाढलेली. गावातल्या अर्ध्या लोकांना तिने लहानपणी दटावून गाजरं संपवायला लावली होती. त्याच मेल्यांनी तिचं नाव ठेवलं होतं 'दोनफुटी'.

झालं होतं असं. गेल्या सप्टेंबरात गोल्फ क्लबच्या बायकांच्या चषकाची फायनल होती. सामना रंगत रंगत शेवटच्या, म्हणजे अठराव्या होलवर आला. ते होल क्लबच्या इमारतीला अगदी लागून. तिथे ही मोठी काचेची खिडकी आहे, आणि फायनलच्या दिवशी अख्खं गाव हातात ग्लास घेऊन त्या खिडकीला नाक लावून उभं असतं. इश्बेलचा चेंडू खळगीपासून दोन फुटांवर. दोन फूट म्हणजे किती? उशीएवढं अंतर. हिरवळीवरून चेंडू असा हलकेच घरंगळवत खळगीत घालायचा, याला पट म्हणतात, आणि एवढ्या जवळचा पट आंधळ्या म्हाताऱ्यानेही काठीने ढकलावा. तो गेला असता की चषक इश्बेलचा. नाही गेला. खळगीला उजवीकडून वळसा घालून, जणू ओळखच नाही अशा तोऱ्यात पुढे निघून गेला. मग जादा होल खेळले, आणि त्यात नेट्टा डॅलग्लीश जिंकली.

आता दोष कुणाचा म्हणाल, तर चांगुलपणाचा. दोघी समोरासमोर खेळत असल्या आणि एकीचा चेंडू खळगीच्या अगदी जवळ येऊन थांबला, तर दुसरी म्हणते, "दिला!" म्हणजे मारायची गरज नाही, गेला असं धरू, उचल. खेळाची जुनी रीत आहे ही, नियमात बसते. इश्बेल आणि तिच्या मंगळवारच्या तिघी मैत्रिणींनी सव्वीस वर्षं एकमेकींना असे हजारो पट दिले होते. "दिला गं." "अगं हाही दिला." "चल गं बाई, नाक गोठलं, आत सूप थांबलंय, दिला!" असं करता करता द्यायचं अंतर वीतभरावरून दोन-तीन फुटांवर गेलं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही की सव्वीस वर्षांत इश्बेलने दोन फुटांचा पट खराखुरा मारलेलाच नव्हता. इश्बेलच्या तर मुळीच नाही.

आणि नेट्टा कुणाला काही देणाऱ्यातली नव्हती. ती गावातली औषधवाली. चाळीस वर्षं काउंटरमागे उभी राहिल्यामुळे कुणाला मूळव्याध आहे, कुणाला झोप लागत नाही, कोण केस काळे करतं, सगळं तिला ठाऊक. आणि तोंडावर एक रेष हलायची नाही. खेळतानाही तशीच. समोरचीचा चेंडू खळगीच्या काठावर लोंबकळत असला तरी नेट्टा म्हणायची, "मार की." त्या दिवशी इश्बेलने पट मारण्याआधी तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं. नेट्टा समुद्राकडे बघत होती.

ऑक्टोबर उजाडला तशी इश्बेलने पदर खोचावा तशी कंबर कसली. रोज सकाळी क्लबबाहेरच्या सरावाच्या हिरवळीवर तासभर. तीन चेंडू घ्यायचे, चाळीस फुटांवरून घरंगळवायचे, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायच्या, मधेच थर्मासमधला चहा. पाचव्या दिवशी ती थर्मास घरीच विसरली, म्हणून तिचा नवरा डॉड तो घेऊन आला.

डॉड गुर्ले गावातल्या पाइप बँडचा, म्हणजे मशकवाद्यांच्या ताफ्याचा, ढोलवाला. बेचाळीस वर्षं वाजवतोय आणि तीसेक वर्षं इतरांना शिकवतोय. गोल्फबद्दल त्याचं मत एवढंच, की असल्या झकास गवतावर मेंढ्या सोडायच्या तर हे लोक स्वतःच चरत फिरतात. तो बाकावर बसला आणि दहा मिनिटं बघत राहिला.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"दिसत नाही? सराव."

"हा सराव? मला वाटलं सहल आहे."

"डॉड, थर्मास दिलास, आता घरी जा."

"जातो. पण मला सांग, तुझा चुकला होता कुठला?"

"अख्ख्या गावाला माहीत आहे कुठला."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

"दोन फुटांचा! झालं समाधान?"

"मग इथे चाळीस फुटांवरून काय मारत बसलीस?"

इश्बेलने जरा विचार केला. "छान वाटतं," ती म्हणाली.

"तेच तर! माझ्याकडे शिकायला येतात ते असंच करतात. अख्खी धून पहिल्यापासून शेवटपर्यंत बडवतात, कारण बडवायला मजा येते. चुकते एकच जागा. ती जागा आली की चुकतात, आणि तसेच पुढे जातात. वर्षभर हेच. शेवटी धून नाही, ती चूक पाठ होते. मग मी त्यांना तेवढीच जागा वाजवायला लावतो. हळू. पुन्हा पुन्हा. मग ते मला शिव्या घालतात."

"मीही घालीन."

"घाल की. सवय आहे मला."

बँडच्या हॉलमागे बोलिंगचं, म्हणजे गवतावर लाकडी गोळे घरंगळवायच्या खेळाचं, एक जुनं, सोडून दिलेलं मैदान होतं. किल्ली डॉडकडेच. चहूबाजूंनी भिंत, त्यामुळे टॅम किनीअरचं थोबाड दिसायची भीती नाही. डॉडने गवत बारीक कापलं आणि जमिनीत उसळीचा रिकामा डबा पुरून खळगी केली. पहिल्याच दिवशी इश्बेलने दोन फुटांवर उभं राहून शंभर चेंडू मारले. एक्क्याण्णव गेले. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बोल आता!"

"एकाच जागेवरून शंभर," डॉड म्हणाला. "पहिला तेवढा खरा. बाकीच्या नव्व्याण्णवांनी त्याची नक्कल केली. फायनलमध्ये नेट्टा तुला शंभर मारू देणार आहे का?"

मग डॉडने कायदे केले. चेंडू एकच. दर वेळी डब्याच्या वेगळ्या बाजूने. दर वेळी पाच पावलं मागे जायचं, चालत यायचं, बसून उतार बघायचा, उभं राहायचं, आणि मगच मारायचं. लागोपाठ पंचवीस गेले पाहिजेत. एक चुकला की शून्यापासून. चोविसावा चुकला तरी शून्यापासून. कुठून चुकला, कुठल्या बाजूला चुकला, ते वहीत लिहायचं.

"हा छळ आहे," इश्बेल म्हणाली.

"छळ नाही, तालीम," डॉड म्हणाला. "पाच पावलं मागे जा."

पहिल्या आठवड्यात तिची मजल सहापर्यंत गेली. वहीत सगळीकडे एकच शब्द: उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. डॉड एक पोतं घेऊन आला आणि त्यावर चक्क पालथा पडला, तिच्यासमोर, हनुवटी गवताला टेकवून. अर्धा तास तसाच. इश्बेलला वाटलं झोपला.

"मान," तो एकदम म्हणाला.

"काय मान?"

"तुझी मान. चेंडू निघायच्या आधी तू वर बघतेस. मान वर होते, तसा खांदा उघडतो, की चेंडू उजवीकडे. पण चेंडूकडे बघत नाहीस तू. माझ्या तोंडाकडे बघतेस."

"तुझ्या तोंडात बघण्यासारखं काय आहे?"

"तेच मला कळेना," डॉड कोपरांवर उठून बसला. "मग कळलं. कुणी 'दिला' म्हणतंय का, ते बघतेस तू."

इश्बेलला असा संताप आला म्हणता! काठी आपटून ती तडक घरी निघून गेली, आणि त्या रात्री डॉडला मसुराचं सूप गार मिळालं. संताप यायचं कारण साधं होतं. तो म्हणत होता ते खरं होतं. सव्वीस वर्षं दर पटाआधी तिने मान वर करून समोरचीच्या तोंडाकडे पाहिलं होतं, ओट्याखालच्या मांजरीसारखं, काही मिळतंय का म्हणून. ते तिच्या हाडात मुरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉडच्या आधी मैदानावर हजर होती.

त्यानंतरचा कायदा: चेंडू डब्यात पडल्याचा आवाज येईपर्यंत मान वर करायची नाही. नाही आला आवाज, तर नाही आला. मनात तीन अंक मोजायचे आणि मगच बघायचं. नोव्हेंबरात ती अकरावर गेली. डिसेंबरात दोघांनी केराच्या झाडूने बर्फ लोटून वाट केली आणि ती सतरावर गेली. जानेवारीत एका सकाळी तेवीस झाले, चोविसाव्याला ती वाकली, आणि डॉडने मागून पत्र्याचा ट्रे खाली टाकला. धडाम्! चेंडू भलतीकडे. इश्बेल बुधवारपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

बुधवारी म्हणाली, "मुद्दाम टाकलास."

"मग काय हातातून निसटेल? ढोलवाल्याच्या?"

"उद्याही टाक."

वहीचाही उपयोग झाला. डावीकडून उतार असला की जास्त चुकतात, असं दिसलं. मग फेब्रुवारीभर तिने निम्मा वेळ त्याच बाजूला घालवला, जिथे मारायचा तिला मनापासून कंटाळा होता. मार्चच्या नऊ तारखेला पंचवीस झाले. डॉडने टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. "आता चाळीस," म्हणाला. मेमध्ये चाळीस झाले. ट्रे पडत असताना.

आता सांगा, कुणाला दाखवायचं हे? चषकाच्या फेऱ्या जूनमध्ये सुरू झाल्या आणि इश्बेल जिंकत चालली, पण तिचा चेंडू तीन फुटांच्या आत आला रे आला, की समोरची घाईघाईने ओरडायची, "दिला, इश्बेल, दिला!" बिचारीची पुन्हा फजिती नको म्हणून. जणू हिचं झंपर फाटलंय आणि आपण बघू नये! जुलैत तिने मैत्रीण क्रिसीला हरवलं, तेव्हा क्रिसीने तिला सात पट दिले.

"मला मारू दे की गं," इश्बेल रडकुंडीला आली.

"कशाला जिवाला त्रास?" क्रिसी प्रेमाने म्हणाली. "आम्हाला काय माहीत नाही का!"

एकदा 'दिला' म्हटलं की दिला. नियमच आहे तो. देणारीला परत घेता येत नाही आणि घेणारीला नाकारता येत नाही. इश्बेलचा आता एकीवरच भरवसा उरला होता. एकटी नेट्टा काय ती तिला मारायला लावेल. आणि नेट्टा, या वर्षीची बायकांची कॅप्टन, दुसऱ्या बाजूने आरामात फायनलला आली होती. इश्बेलने मनातल्या मनात तिला दुवा दिला. क्रिसी म्हणाली खरी, की यंदा नेट्टासुद्धा पट देत सुटलीय म्हणे. इश्बेलने ते हसण्यावारी नेलं. नेट्टा आणि देणार!

फायनलच्या दिवशी समुद्रावरून धुकं आलं होतं आणि वारा असा, की मैदानाच्या लांबच्या टोकाला कुत्रंही फिरकलं नाही. गाव खिडकीपाशी उबेला बसून वाट बघत होतं. इतक्या लांब फक्त या दोघीच.

पहिल्याच होलवर इश्बेलचा चेंडू अडीच फुटांवर थांबला. ती पाच पावलं मागे गेली. छातीत धडधडत होतं, पण छान धडधडत होतं. आणि नेट्टा म्हणाली, "दिला."

"काय?"

"दिला म्हटलं. उचल."

इश्बेलने चेंडू उचलला आणि तिचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. म्हणजे कॅप्टनबाईसुद्धा! आता हीसुद्धा माझी कीव करणार! नेट्टाचा चेंडू दोन फुटांवर होता. ती इश्बेलकडे बघत उभी राहिली.

"मार की," इश्बेल म्हणाली.

तिसऱ्या होलवर तेच. सहाव्यावर, आठव्यावर तेच. "दिला." "दिला." "हाही दिला, इश्बेल." आणि दर वेळी इश्बेल दात ओठ खाऊन म्हणायची, "तू मात्र मार." तिने ठरवलंच होतं. कीव करतेस काय माझी? हातभर अंतर असलं तरी देणार नाही. नेट्टा मग तिच्याकडे पाठ करून उभी राहायची, अंगावर ढगळा स्वेटर, बराच वेळ काहीच करायची नाही, आणि मग एकदम झटका देऊन मारायची. चेंडू खळगीच्या काठावरून गरगर फिरून कसाबसा आत पडायचा. इश्बेल इतकी धुमसत होती की तिने त्याचा विचारही केला नाही. तेराव्यावर तर नेट्टाने बुटाएवढ्या अंतरावरून चुकवला. "वारा आहे," नेट्टा म्हणाली. इश्बेलनेही मान हलवली; वारा होताच.

अठराव्या होलवर दोघी बरोबरीत आल्या. खिडकीत तोंडांची दाटी. टॅम पुढे, बोटांनी दोनाची खूण करतोय. डॉड कोपऱ्यात हाताची घडी घालून. हिरवळीवर यायला नेट्टाला इश्बेलपेक्षा एक फटका जास्त लागला. नेट्टाचा पट सात फुटांचा, तो चुकला. सात फुटांचा कुणीही चुकवावा, त्यात काही नाही. इश्बेलने लांबून मारलेला पट घरंगळत घरंगळत आला आणि थांबला. दोन फुटांवर. इंचभर इकडेतिकडे असेल.

हा गेला की चषक.

इश्बेल पाच पावलं मागे गेली. देवाशप्पथ सांगते, असं ती पुढे डॉडला म्हणाली, मला त्या क्षणी बर्फी खाल्ल्यासारखं गोड वाटत होतं. डावीकडून उतार. तिचा आवडता झालेला, सगळ्यात कंटाळवाणा उतार. ती बसली, बघितलं. उठली. काठी टेकली. मान खाली. नेट्टाच्या तोंडाकडे बघायची इच्छासुद्धा झाली नाही. काठी मागे नेणार, एवढ्यात—

"दिला, इश्बेल."

नेट्टाची 'उचल' अशी खूण दिसताच खिडकीत एकच जल्लोष उठला. टाळ्या, शिट्ट्या. आणि किल्रेनेटची रीत अशी, की जिंकणारी पहिली फेरी पाजते. त्यामुळे सगळी गर्दी खिडकी सोडून बारकडे धावली, आधी आपला नंबर लागावा म्हणून. काचेवर नुसती वाफ राहिली.

"परत घे!" इश्बेल किंचाळली.

"घेता येत नाही. नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात! एक वर्ष, नेट्टा! एक वर्ष मी बर्फात उभी राहून हाच पट मारलाय. हाच! आणि तू तो माझ्या हातातून काढून घेतलास. आज सकाळपासून माझा अपमान करतेयस, दिला, दिला, दिला! मी काय भिकारीण आहे?"

"हात मिळव," नेट्टा हळूच म्हणाली. "मिळव लवकर. कुणीतरी बघेल."

इश्बेलने तणतणत हात पुढे केला. नेट्टाचा हात तिच्या हातात आला. तो हात थरथरत होता. थंडीने थरथरतो तसा नाही. घामाने भिजलेला, आणि आत पाखरू धरल्यासारखा.

"वसंतापासून असं होतंय," नेट्टा म्हणाली. "लांबून मारताना काही नाही. जवळचा आला की सुरू होतं. दोन फूट दिसले की बोटं माझी राहतच नाहीत. म्हणून यंदा सगळ्यांना देत सुटले. आपण दिलं की समोरची पण देते ना. सगळ्यांनी दिले. तू सोडून."

इश्बेलला तेरावं होल आठवलं. पाठमोरा ढगळा स्वेटर आठवला.

"मला वाटलं तू माझी कीव करतेयस," ती म्हणाली.

"मी मागत होते गं," नेट्टा म्हणाली. "सकाळपासून मागत होते. एक तरी देशील म्हणून."

वारा दोघींच्या टोप्या ओढत होता. आतून टॅमचा आवाज येत होता, जिंकलेली बाई कुठे मेली म्हणून.

"पण मग शेवटचा का दिलास?" इश्बेलने विचारलं. "आता तर बदल्यात काही मिळणार नव्हतं. मी चुकवला असता तर सामना पुढे गेला असता."

"बघवेना," नेट्टा म्हणाली. "तू दोन फुटांवर उभी राहिलीस ना. तुझ्या जागी मीच उभी आहे असं वाटलं. आणखी एक क्षण गेला असता तर हिरवळीवर ओकले असते." मग तिने औषधाच्या काउंटरमागचा तो चेहरा चढवला, पण तो नीट बसला नाही. "टॅमला कळलं तर मी बेकरीत जाऊ शकणार नाही, इश्बेल. तू कशी जात होतीस वर्षभर?"

"रोल खायला मिळतो," इश्बेल म्हणाली. "चल आत. गारठलीस."

आत शिरताच गर्दीने इश्बेलला उचलायचंच बाकी ठेवलं. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी चषक हातात कोंबला. नेट्टा भिंतीशी उभी राहिली. कुणीतरी तिच्या हातात व्हिस्की दिली, तिने ती दोन्ही हातांनी धरली, आणि तरीही ग्लासातली व्हिस्की हलत होती. इश्बेलशिवाय तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. डॉड तेवढा इश्बेलकडे बघत होता. तिचे चाळीस त्याने मोजले होते.

टॅम किनीअर खुर्चीवर चढला. "एक मिनिट, एक मिनिट!" तो ओरडला. "मला एक कळू द्या. नेट्टा डॅलग्लीशने जन्मात कुणाला काही दिलं नाही, आणि फायनलचा पट दिला? अशी काय भानगड आहे? काय गं इश्बेल, काय झालं तिथे?"

पन्नास-साठ तोंडं तिच्याकडे वळली. नेट्टाने मान खाली घातली. एक वाक्य पुरलं असतं. एकच वाक्य, आणि उद्या सकाळी साडेआठला 'दोनफुटी' ही दुसरीच कुणी झाली असती. इश्बेलने वर्षभर बेकरीबाहेर वाऱ्यात उभं राहून याच दिवसाची वाट पाहिली होती. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं, आणि काय सांगू, गोड लागलं.

"काय होणार?" ती मोठ्याने म्हणाली. "दया आली तिला. नसता दिला तर मी चुकवलाच असता!"

असा हशा झाला की फळीवरचे ग्लास खणखणले. टॅम खुर्चीवरून पडता पडता वाचला. "दोनफुटी ती दोनफुटीच!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी ग्लास उंचावले. इश्बेलने चषकातून एक मोठा घोट घेतला. घसा जळला आणि डोळ्यांत पाणी आलं. व्हिस्कीचं होतं असं तिने सगळ्यांना सांगितलं.

डॉड गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आला आणि तिच्या हातातला चषक धरून उभा राहिला. दुसऱ्या बाजूने नेट्टा आली. ती भिंतीपासून इथवर कशी आली कुणास ठाऊक. तिची अर्धी व्हिस्की बाहीवर सांडली होती.

"सोमवारी मोकळी आहेस?" नेट्टाने खालच्या आवाजात विचारलं.

"नऊला ये. बँडच्या हॉलमागे," इश्बेल म्हणाली. "दार लावून घे. आणि माझ्या नवऱ्याला शिव्या द्यायची तयारी ठेव."